चुनखडीच्या रानात कॅल्शियमची टंचाई

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत ओलांडून करमाड लागते. एकीकडे कारखाने, दुसरीकडे मका, कापूस, तूर आणि मोसंबीच्या बागा. जमीन बेसाल्टच्या पोटातली; काळ्या रानात नांगर जरा खोल गेला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. बोअरचे पाणी जड, भांड्याला पांढरी पुटे धरणारे. कॅल्शियमचा तोटा पडावा असे हे रान नाही. तरी अशाच रानातल्या गोठ्यात तिसऱ्या-चौथ्या वेताची, दिवसाला 15-20 लिटर देणारी संकरित गाय रात्री व्यालेली असते आणि दुसऱ्या दिवशी उठवून उठत नाही. मग फोन जातो, "डॉक्टर, गाय बसली, बाटली घेऊन या."

शिरेतून कॅल्शियमची बाटली लागते, गाय बहुधा उठते, आणि घरचे लोक ठरवून टाकतात की गाईला कॅल्शियम कमी पडले होते, पुढच्या वेळी गाभणपणातच भरपूर पाजू. निदान बरोबर, पण त्यातून काढलेला धडा उलटा आहे. पुढच्या वेळी गाय बसण्याची सोय अनेकदा याच धड्यातून होते. शरीरशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते गोठ्यापर्यंत अर्धेच पोहोचले आहे.

आधी बसलेली गाय नीट पाहू. मान एका बाजूला वळवून तोंड बरगडीवर टेकवलेले. मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक. कान हाताला गार लागतात, नाक कोरडे ठणठणीत, बाहुल्या मोठ्या झालेल्या, रवंथ बंद, शेण नाही. अंगाचे तापमान नेहमीपेक्षा खाली. कॅल्शियम शिरेतून हळूहळू जाऊ लागले की आधी मांड्यांवरचे स्नायू थरथरतात, मग गाय ढेकर देते, शेण टाकते, आणि कोरड्या नाकावर घामाचे बारीक थेंब फुटतात. जुने डॉक्टर त्या थेंबांवरून ओळखतात की आता उठणार. औषधाचा असा डोळ्यांदेखत येणारा गुण पशुवैद्यकात फार थोड्या ठिकाणी दिसतो. बाटलीवर लोकांचा एवढा विश्वास बसला तो उगाच नाही.

आता आकडे. निरोगी गाईच्या 100 मिली रक्तद्रवात साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले निम्मे प्रथिनांना आणि इतर आम्लांना बांधलेले. उरलेले निम्मे मोकळे, आणि शरीराला कामाचे तेच. 500 किलोच्या गाईचा सगळा रक्तद्रव हिशेबात धरला तरी त्यात जेमतेम 2 ते 3 ग्रॅम कॅल्शियम भरते. चिकाच्या एका लिटरमध्ये सुमारे 2 ग्रॅम असते. 8 लिटर चीक उतरला तर 16 ग्रॅम एका दिवसात कासेकडे गेले, म्हणजे रक्तातला साठा सहा-सात वेळा उपसून पुन्हा भरावा लागला. आदल्या दिवसापर्यंत पोटातले वासरू दिवसाला 10 ते 14 ग्रॅम घेत होते. व्याल्याबरोबर ती मागणी संपते आणि तिच्या जागी मोठी, एकदम येणारी मागणी उभी राहते.

तरीही बहुतेक गाई बसत नाहीत. रक्तातले कॅल्शियम सावरून धरणारी यंत्रणा चोख आहे म्हणून. ती माणसाला कळली मात्र तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यात एका भारतीय जनावराचाही वाटा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एकशिंगी भारतीय गेंडा 1849 मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे शवविच्छेदन केले, तेव्हा मानेतल्या थायरॉइड ग्रंथीला चिकटलेली एक बारीक पिवळसर गाठ त्यांना दिसली. पॅराथायरॉइड ग्रंथीचे हे पहिले वर्णन. 1880 मध्ये स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी ती माणसात दाखवली. तिचे काम काय, हे कळायला 1909 उजाडले. त्या वर्षी मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखवून दिले की ही ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना येणारे झटके कॅल्शियम दिले की थांबतात. 1925 मध्ये कॅनडातल्या कॉलिप यांनी बैलांच्या ग्रंथींतून परिणामकारक अर्क काढला.

गाईचा प्रश्न याच काळात वेगळ्या वाटेने सुटत होता. 1897 मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट यांना वाटले की या रोगाचे विष कासेत तयार होते, म्हणून त्यांनी बसलेल्या गाईच्या कासेत पोटॅशियम आयोडाइड भरले. गाई उठल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आले की औषध नकोच, नुसती हवा भरली तरी गाय उठते. निम्म्याहून जास्त गाई जिथे मरत, तिथे सायकलच्या पंपासारख्या साधनाने बहुतेक वाचू लागल्या. कासेत दाब वाढला की दूध तयार होणे थांबते आणि कॅल्शियमचा उपसा बंद होतो, हे खरे कारण. ते 1925 नंतर कळले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लिटल आणि राइट यांनी बसलेल्या गाईंचे रक्त तपासून कॅल्शियम खाली गेल्याचे दाखवले आणि एडिंबरोचे ड्रायर व ग्रेग त्याच निष्कर्षाकडे आले. आज वापरात असलेले कॅल्शियम बोरोग्लुकोनेट 1930 च्या दशकातले. व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये, हा आपल्याकडचा जुना सल्ला त्या हवेच्या पंपाचा सौम्य अवतार म्हणता येईल. नव्या अभ्यासांत त्याचा फायदा वाटतो तेवढा ठाम दिसत नाही. वासराचा चीक मात्र कोणत्याही कारणाने तोडू नये.

पॅराथायरॉइडच्या पेशींना रक्तात कॅल्शियम किती हे कळते कसे, याचे उत्तर 1993 मध्ये मिळाले. एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर वेगळा केला, तो गाईच्याच पॅराथायरॉइडमधून. रक्तातले मोकळे कॅल्शियम जरा खाली गेले की हा रिसेप्टर ढिला पडतो आणि काही सेकंदांत पॅराथायरॉइड हार्मोन रक्तात सुटते. ते तीन ठिकाणी काम करते, आणि तिन्ही ठिकाणी लागणारा वेळ वेगळा. सगळ्या रोगाची मेख या वेळात आहे.

मूत्रपिंड सर्वांत चपळ. काही मिनिटांत ते लघवीतून जाणारे कॅल्शियम परत ओढते. पण गाईच्या लघवीत मुळात कॅल्शियम फार जात नाही, त्यामुळे वाचवायला थोडेच. हाडांत शरीराचे 98 टक्क्यांहून अधिक कॅल्शियम आहे, मोठ्या गाईत 6-7 किलो. हाडाभोवतीच्या द्रवातले थोडे लगेच मिळते. पण हाड प्रत्यक्ष विरघळवणाऱ्या पेशी पुरेशा संख्येने कामाला लागायला सुमारे दोन दिवस जातात. तिसरे ठिकाण आतडे, आणि तिथे हार्मोन स्वतः काहीच करत नाही. ते मूत्रपिंडाला सांगून ड जीवनसत्त्वाला त्याचे खरे रूप देते.

ड जीवनसत्त्वाची वाट लांबची आहे. उन्हाने कातडीत ते तयार होते, उन्हात वाळलेल्या कडब्यातूनही त्याचे दुसरे रूप पोटात जाते. यकृतात त्यावर एक संस्कार होतो, पण तेवढ्याने ते पूर्ण होत नाही. शेवटचा संस्कार मूत्रपिंडात होतो, हे 1970 मध्ये केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवले. तयार होणारा पदार्थ, कॅल्सिट्रायॉल, हा हार्मोनच आहे. आहारशास्त्राने त्याला जीवनसत्त्वांच्या यादीत आधी बसवले म्हणून तो तिथे राहिला. तो आतड्याच्या पेशींत जाऊन कॅल्शियम आत ओढणारी आणि पलीकडे वाहून नेणारी प्रथिने बनवून घेतो. त्यालाही एक ते दोन दिवस लागतात. मराठवाड्यात ऊन भरपूर, त्यामुळे कच्च्या ड जीवनसत्त्वाचा तुटवडा हा इथला मुख्य प्रश्न नव्हे. प्रश्न शेवटच्या संस्काराला होणाऱ्या उशिराचा आहे.

जायकवाडी धरण काठोकाठ भरलेले असावे आणि कालव्याचे दार गंजून बसलेले असावे, अशी बसलेल्या गाईची स्थिती असते. हाडांत किलोंनी कॅल्शियम, पोटात चारा, आणि रक्तात 100 मिलीमागे 5 मिलिग्रॅम. यातली सर्वांत चकित करणारी गोष्ट अशी की अशा गाईच्या रक्तात पॅराथायरॉइड हार्मोन कमी नसते, नेहमीपेक्षा जास्तच सापडते. ग्रंथी ओरडून सांगत असते. हाडे आणि मूत्रपिंड ऐकत नाहीत.

ते का ऐकत नाहीत, याची दोन-तीन कारणे आता पक्की झाली आहेत. एक वय. पहिलारू गाय सहसा बसत नाही, कारण वाढत्या हाडांत विरघळवणाऱ्या पेशी भरपूर असतात. वेतागणिक त्या कमी होतात आणि आतड्यातले ड जीवनसत्त्वाचे रिसेप्टरही घटतात. जर्सीत हे रिसेप्टर मुळातच कमी, म्हणून जर्सी रक्ताच्या गाई अधिक बसतात. देवणी किंवा लाल कंधारी गाईचे दूधच बेताचे, तिच्यावर ही वेळ क्वचित येते.

दुसरे कारण चाऱ्यातले पोटॅशियम. चाऱ्यात पोटॅशियम आणि सोडियम फार, क्लोराइड आणि गंधक कमी, असे झाले की रक्त किंचित अल्कधर्मी होते. अशा रक्तात हार्मोनला त्याच्या रिसेप्टरवर नीट बसता येत नाही. नॉर्वेमध्ये एंडर, डिशिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. 1997 मध्ये अमेरिकेतल्या गॉफ आणि हॉर्स्ट यांनी दाखवले की व्यायच्या आधीच्या आहारात कॅल्शियमपेक्षा पोटॅशियम वाढवल्याने गाई जास्त बसतात. तिसरे कारण मॅग्नेशियम. ते कमी असेल तर हार्मोन नीट सुटत नाही आणि सुटले तरी पेशीत त्याचा निरोप पुढे जात नाही. त्यात पोटॅशियम पोटात मॅग्नेशियमची वाट अडवते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता हे करमाडच्या बांधावर आणून पाहा. गोठ्यालगतचा वाफा हा बहुतेक ठिकाणी नेपियर किंवा लसूण घासाचा. गोठा धुतलेले पाणी, शेण आणि मूत वर्षभर त्याच वाफ्यात जाते. तिथली जमीन पोटॅशियमने तट्ट भरते आणि हिरवा घास ते हवे तेवढे उचलतो. सगळ्यांत कौतुकाने वाढवलेला हा हिरवा चारा गाभण गाईला शेवटच्या महिन्यात आवर्जून टाकला जातो. दूध देणाऱ्या गाईला तो उत्तमच. व्यायला टेकलेल्या गाईला नेमका तोच नको.

इथे मतभेदाचा भाग येतो. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोडा आणि कोल यांनी सांगितले की व्यायच्या आधी गाईला कॅल्शियम कमी द्या, म्हणजे पॅराथायरॉइड आधीच जागी होईल आणि हाडे-आतडी कामाला लागलेली असतील. तत्त्व बिनतोड. पण खरा उपयोग व्हायला दिवसाचे कॅल्शियम 20 ग्रॅमच्या खाली न्यावे लागते. नुसता कडबा आणि मक्याचा मुरघास खाणाऱ्या गाईच्या पोटातही 20-25 ग्रॅम जाते. वर 10 किलो हिरवा लसूण घास म्हणजे आणखी 25-30, आणि 100 ग्रॅम खनिज मिश्रण म्हणजे सुमारे 20. म्हणून परदेशात कॅल्शियमला पोटातच बांधून ठेवणारे झिओलाइट निघाले. दुसरा पंथ आम्लधर्मी क्षारांचा: क्लोराइड आणि सल्फेट खाऊ घालून रक्त जरा आम्लाकडे झुकवायचे, मग कॅल्शियम कमी करायची गरज उरत नाही. मोठ्या फार्मवर आज हाच पंथ चालतो. क्षार कडवट असतात, गाय पेंड उष्टी टाकते, आणि मात्रा बरोबर बसली की नाही हे लघवीच्या पीएचवरून पाहावे लागते. एरवी 8 च्या आसपास असणारा पीएच 6.2 ते 6.8 वर आला पाहिजे.

दोन-चार गाईंच्या गोठ्यासाठी मला यातला कोणताच मार्ग जसाच्या तसा पटत नाही. 20 ग्रॅमच्या खाली जाणे इथे जमणार नाही, आणि क्षारांचे काटेकोर मोजमाप रोज होणार नाही. पण शेवटचे तीन आठवडे लसूण घास आणि गोठ्यालगतचा नेपियर बंद करून ज्वारीचा कडबा व मुरघास देणे, दुभत्या गाईचे कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण थांबवणे, पशुवैद्याच्या सल्ल्याने मॅग्नेशियम चालू ठेवणे आणि दुकानातून आणलेले कॅल्शियमचे द्रावण व्यायच्या आधी अजिबात न पाजणे, एवढे कुणालाही जमते. पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्हीची भर त्याने कमी होते. उसाच्या वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधते हे खरे. पण म्हणून कोणी वाढ्यांनाच इलाज समजू नये. वर्षभर वाढ्यांवर काढलेली गाय हाडांनीच खंगते.

कोंबडी या बाबतीत गाईपेक्षा हुशार निघते. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. पक्षी दोन किलोचाही नाही, आणि हे जवळजवळ रोज. पण अंडी सुरू व्हायच्या साधारण दोन आठवडे आधी इस्ट्रोजेनच्या प्रभावाने तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होते. ते केवळ कवचासाठी राखीव. कवच बहुतांश रात्री बनते, तेव्हा आतड्यात खाद्य नसते, आणि हे हाड कामी येते. जाडसर शिंपला किंवा चुनखडीचे कण संध्याकाळी देण्याची लेअर फार्मवरची पद्धत त्यासाठीच: ते पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीतही ती चोखंदळ आहे. वनस्पतींतले ड-2 तिला जवळजवळ निरुपयोगी, तिला ड-3 च लागते. गाईला आधीपासून तयारी करून घेणारे असे काही निसर्गाने दिलेले नाही. मात्र दूध सुरू झाल्यावर कास स्वतःच पॅराथायरॉइडसारखे एक प्रथिन रक्तात सोडते आणि हाडे विरघळवून घेते. दुधाच्या पहिल्या महिन्यात गाय आपल्या हाडांतले 9 ते 13 टक्के कॅल्शियम गमावते, आणि पुढे भरूनही काढते. तो तोटा नव्हे, नेहमीचा व्यवहार आहे.

इतर जनावरांचे थोडक्यात. उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीची. शेळ्या-मेंढ्यांत दुधापेक्षा पोटातल्या पिल्लांची ओढ मोठी, म्हणून त्या बहुधा व्यायच्या आधीच्या आठवड्यांत बसतात, विशेषतः लांबच्या चालीत उपासमार झाली तर. घरातल्या पॉमेरेनियन कुत्रीला पिल्ले दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर हेच होते, पण ती गळून न पडता ताठरते, धापा टाकते, तिला ताप चढतो. कॅल्शियम घटले की मज्जातंतू चिडचिडे होतात, ते कुत्रीत दिसते. गाईत मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोपच आधी तुटतो. ससा सगळ्यांत निराळा: ड जीवनसत्त्वाची फिकीर न करता मिळेल तेवढे कॅल्शियम शोषतो आणि जास्तीचे लघवीतून पांढरे गढूळ काढून टाकतो.

बाटलीकडे परत येतो, कारण तिचाही दुरुपयोग वाढला आहे. 450 मिलीच्या एका बाटलीत साधारण 8-9 ग्रॅम कॅल्शियम असते. ते अंगाइतके कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यायचे. घाईने दिले तर तिथेच हृदय थांबते. सुमारे चौथा हिस्सा गाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात, म्हणून काही भाग कातडीखाली देण्याची रीत आहे. बसलेल्या, मान टाकलेल्या गाईला तोंडाने काही पाजू नये. तिचे गिळणे मंदावलेले असते आणि औषध फुफ्फुसात जाते. ज्यांच्याकडे डॉक्टर लगेच येत नाही, त्यांनी 1962 वर फोन करून फिरते पथक बोलवावे आणि तोवर गाय छातीवर नीट टेकवून बसवावी. एका कुशीवर आडवी पडू देऊ नये, पोट फुगते.

पण उभ्या, नुसत्या सुस्त गाईलाही 'ताकदीसाठी' शिरेतून बाटली लावण्याची रीत पडली आहे. रक्तात अचानक कॅल्शियम उसळले की पॅराथायरॉइड गप्प बसते, उलट थायरॉइडमधले कॅल्सिटोनिन सुटते, आणि दिवसभरात कॅल्शियम होते त्याहून खाली जाते. उभ्या गाईला तोंडाने दिलेले कॅल्शियम बरे. ते सावकाश शोषले जाते आणि ग्रंथीला झोपवत नाही.

ड-3 च्या इंजेक्शनचेही असेच. व्यायच्या दोन ते आठ दिवस आधी एक कोटी युनिट दिले तर फायदा होतो, पण तारीख चुकली आणि गाय नंतर व्याली तर तिचे स्वतःचे कॅल्सिट्रायॉल दबलेले राहते आणि ती उशिरा बसते. पुन्हा पुन्हा दिले तर रक्तवाहिन्या आणि हृदयात कॅल्शियम साचते. बागांत लावल्या जाणाऱ्या 'दिन का राजा' या झुडपाच्या पानांत तयार कॅल्सिट्रायॉलच असते. फ्लोरिडात 1970 च्या दशकात घोडे आणि गुरे ते खाऊन अशीच खंगली. बांधावर हे झुडूप असेल तर काढलेले बरे.

न बसणाऱ्या गाईंचा हिशेब मोठा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत पहिलारूंपैकी 25 टक्के आणि पुढच्या वेतांच्या गाईंपैकी जवळजवळ निम्म्यांचे कॅल्शियम व्याल्याच्या सुमारास 8 मिलिग्रॅमच्या खाली होते, तरी त्या चालत-फिरत होत्या. अशा गाईंची वार अडकते, सडाचे तोंड नीट मिटत नाही, कासदाह होतो, चारा कमी होतो. इथल्या गोठ्यांत ही तपासणी होत नाही. पण वार अडकलेल्या आणि कासदाहाच्या गाई कोणत्याही गावात मोजता येतील.

हे सगळे तीन आठवड्यांवर येऊन ठेपते, आणि तीन आठवडे मोजायचे तर गाय कधी भरली ते माहीत हवे. गाईचे साधारण 280 दिवस, म्हशीचे 310. कानात 12 अंकी पिवळा बिल्ला असतो, कृत्रिम रेतनाची नोंद त्या क्रमांकावर चढायला हवी, आणि घरातल्या कॅलेंडरवरही. तारीख नसेल तर लसूण घास कधी बंद करायचा हे ठरत नाही. कास उतरू लागली, शेपटीच्या बुडाशी खळगे पडले की मग धावपळ होते, आणि तोवर आतड्याला लागणारे दोन दिवसही हातात राहिलेले नसतात.